पक्ष असावा, पक्षपात नसावा

दुकानाची फळी उघडल्यानंतर पहिले गिऱ्हाईक येईपर्यंतचा वेळ हा पेठेतील वृत्तपत्रवाचनाचा वेळ असतो. त्या अर्ध्या तासात एक उद्गार हमखास कानी पडतो : "हे पत्र त्यांचे, ते पत्र यांचे; खरे मानावे तरी कोणाचे?" या उद्गारातील वैताग समजण्याजोगा आहे. पण त्यात एक गृहीत गोष्टही दडलेली असते. वृत्तपत्राला राजकीय बाजू असणे हाच मुळात दोष आहे, अशी ती समजूत. ती जरा तपासून पाहिली पाहिजे, कारण मराठी वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास काही निराळेच सांगतो.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले. पुढे भाऊ महाजनांच्या 'प्रभाकरा'तून लोकहितवादींची शतपत्रे प्रसिद्ध झाली ती समाजाला खडसावून जागे करण्यासाठी. १८७७ साली 'दीनबंधु' निघाले ते कष्टकरी बहुजनांची बाजू मांडण्यासाठी. त्या काळी काहीतरी सांगावयाचे आहे म्हणून पत्र निघत असे आणि ते काय सांगणार, हे वाचकाला ठाऊक असे. बाजू होती, पण ती पडद्याआड नव्हती. म्हणून प्रश्न बाजू असण्याचा नाही. ती बाजू कशी घेतली जाते याचा आहे. मराठीने या दोन गोष्टींना दोन शब्द दिले आहेत. पक्ष म्हणजे विचारपूर्वक स्वीकारलेली बाजू. पक्षपात म्हणजे त्या बाजूसाठी वजनकाट्यावर बोट ठेवणे.

या दोहोंतील अंतर समजण्यासाठी 'केसरी'च्या पहिल्या काही वर्षांइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. १८८१ च्या जानेवारीत पुण्यातून 'केसरी' मराठीत व 'मराठा' इंग्रजीत सुरू झाले. 'केसरी'चे संपादक गोपाळ गणेश आगरकर आणि 'मराठा'चे बाळ गंगाधर टिळक. वर्षभरातच दोघांवर बिकट प्रसंग ओढवला. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्या छळाबद्दल या पत्रांनी तेथील कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली होती. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ज्या पत्रांच्या आधारे टीका झाली होती ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. दोघा संपादकांना १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली व त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले.

या प्रसंगाची आठवण बहुधा देशभक्तांचा पहिला कारावास म्हणूनच काढली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात वृत्तपत्रव्यवसायाला एक कठोर धडाही आहे. हेतू निर्मळ होता, महाराजांविषयीची कळकळ खरी होती, तरीही हाती आलेला कागद खोटा होता. जो कागद आपल्या मताला पुष्टी देतो तोच अधिक काटेकोरपणे पारखून घ्यावा लागतो. नावडती बातमी माणूस दहादा तपासतो. आवडती बातमी तो तशीच पुढे ढकलतो. मतलेखनातील बहुतेक अपघात या एका सवयीतून होतात.

दुसरा प्रसंग १८८७ सालचा. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर आगरकर आणि त्यांचे सहकारी यांच्यात मतभेद विकोपाला गेले. आगरकरांपुढे दोन सोपे मार्ग होते. मते मवाळ करून खुर्ची राखता आली असती. किंवा पत्राच्या नावाआड राहून सहकाऱ्यांना न पटणारी मते हळूच छापत राहता आले असते. त्यांनी दोन्ही मार्ग सोडले आणि संपादकपद सोडले. १८८८ च्या ऑक्टोबरात त्यांनी 'सुधारक' काढला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. पत्राच्या नावातच पत्राचा पक्ष होता. 'सुधारक' विकत घेणाऱ्याला आपण काय विकत घेत आहोत, याची पुरती कल्पना होती.

पुढे १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याचा वाद पेटला. मुलींच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर नेणारा तो कायदा. परक्या सरकारने समाजाच्या चालीरीतींत कायद्याने हात घालू नये, अशी टिळकांची भूमिका. समाज आपणहून हलत नसेल तर कायद्याचे साहाय्य घ्यावे, अशी आगरकरांची. दोन्ही पत्रांतून शब्दांचे रण माजले. टीका पुष्कळदा व्यक्तिगतही झाली आणि त्या काळाचे कौतुक करताना हा कडवटपणा झाकून ठेवण्याचे कारण नाही. विरोधकांनी तर आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तरीही त्या वादात पुण्याच्या वाचकाची फसवणूक झाली नाही. दोन आण्यांचा माल सोळा आण्यांचा म्हणून कोणी विकला नाही. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले, तेव्हा 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच. मत आणि माणूस यांत फरक करण्याची ही शक्ती आजच्या पानांवर अभावानेच दिसते.

मात्र पक्षपात हा नेहमी लिहिलेल्या शब्दांतच असतो असे नाही. तो न लिहिलेल्या शब्दांतही असतो. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने छापली नाही, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. ज्या पत्राच्या संपादकाने लेखणीसाठी मंडालेचा तुरुंगवास भोगला, त्याच पत्राच्या पानावर मुक्या समाजाच्या पत्राला चार ओळींची जागा मिळू नये, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. वृत्तपत्र ज्याला विरोध करते त्याचे नाव निदान वाचकाला कळते. ज्याला ते वगळते तो वाचकाच्या लेखी जन्मालाच येत नाही.

जैन वाचकाला या प्रश्नाकडे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. नयवादात एका दृष्टिकोनातून वस्तूचे कथन करण्याला नय म्हटले आहे आणि नय हा ज्ञानाचा वैध मार्ग मानला आहे. कारण अनंत धर्म असलेली वस्तू कोणीही एका वाक्यात पूर्ण सांगू शकत नाही. पण तोच नय जेव्हा 'माझेच म्हणणे संपूर्ण आणि इतरांचे मुळातच खोटे' असा आग्रह धरतो, तेव्हा तो दुर्नय होतो. अग्रलेख किंवा स्वाक्षरीचे सदर हा नयच असतो. त्याने सर्व बाजू सारख्याच वजनाने मांडाव्यात, अशी अपेक्षा बाळगणे चूक ठरेल; तसे झाले तर ते मत राहणार नाही, नुसते इतिवृत्त होईल. त्याने दुर्नय होऊ नये, एवढीच अपेक्षा रास्त आहे.

आठव्या शतकातील आचार्य हरिभद्रसूरींनी आपल्या धर्मप्रवर्तकाविषयीही पक्षपात नाकारून युक्तीच्या कसोटीला प्रमाण मानले, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या 'षड्दर्शनसमुच्चय' या ग्रंथात बौद्ध, न्याय, सांख्य इत्यादी दर्शनांचा परिचय इतक्या समतोलपणे दिला आहे, की त्या त्या दर्शनाच्या अनुयायालाही तो आपला वाटावा. हरिभद्र जैन होते आणि शेवटपर्यंत जैनच राहिले. त्यांचा पक्ष होता. त्यांच्यात पक्षपात नव्हता. आपल्या शास्त्रार्थाची रीतही हीच : आधी पूर्वपक्ष मांडावयाचा, आणि तो असा मांडावयाचा की प्रतिपक्ष्याने मान डोलवावी, मग उत्तरपक्ष. आजचा पुष्कळसा मतलेखक प्रतिपक्ष्याचे म्हणणे मुद्दाम दुबळे करून मांडतो आणि मग ते सहज पाडतो. बुजगावण्याला लोळवून कोणी मल्ल होत नाही.

श्रावकाच्या अणुव्रतांचे जे अतिचार शास्त्रकारांनी सांगितले आहेत, त्यांतील काही तर जणू वृत्तपत्राच्या कचेरीसाठीच सांगितले आहेत, असे वाटते. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया येते, म्हणजे खोटा लेख तयार करणे. भाषणातील अर्धेच वाक्य उचलून त्यावर लेख रचणे ही तिचीच धाकटी बहीण होय. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान येते : घेताना एक माप, देताना दुसरे. राजकीय मतलेखनातील पक्षपाताची यापेक्षा नेमकी व्याख्या सापडणे कठीण.

या दुहेरी मापाची परीक्षा महाराष्ट्राच्या वाचकाला सहज करता येते. १९७८ साली वसंतदादा पाटील यांचे सरकार पक्षांतर्गत फुटीने पडले व शरद पवारांच्या नेतृत्वाखाली पुलोदचे सरकार आले. २०२२ साली शिवसेना फुटली आणि एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस फुटली व अजित पवार सरकारात सामील झाले. या फुटींविषयी मतभेद असणे स्वाभाविक आहे. परंतु एखाद्या लेखकाने एका फुटीला मुत्सद्देगिरी आणि तशाच दुसऱ्या फुटीला विश्वासघात म्हटले असेल, तर त्या दोन प्रसंगांत फरक कोणता, हे त्याने सांगितले पाहिजे. फरक सांगता आला तर तो पक्ष. 'ते आपले आणि हे परके' एवढाच फरक उरला तर तो पक्षपात. व्यापारी जसा आसामीचे खाते एका नोंदीवरून नव्हे तर मागील पाने उलटून पाहतो, तसे सदरलेखकाचेही जुने लेख उलटून पाहावेत. प्रामाणिक लेखकाला त्याची भीती नसते. त्याचे मत बदलले असेल तर ते का बदलले, हे त्यानेच कोठेतरी लिहून ठेवलेले असते.

अचौर्याचा आणखी एक अतिचार म्हणजे प्रतिरूपकव्यवहार : अस्सल मालात नकली मिसळून तो अस्सल म्हणून खपविणे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या काळात परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर जवळजवळ शब्दशः सारखा छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मधून उघडकीस आणले. जाहिरात होती, पण वर 'जाहिरात' हा शब्द नव्हता. भारतीय वृत्तपत्र परिषदेने दोघा सदस्यांची समिती नेमली. २०१० साली परिषदेने संक्षिप्त अहवाल प्रसिद्ध केला. समितीचा सविस्तर अहवाल लोकांपुढे यावयास माहितीच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागून २०११ साल उजाडले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील एका आमदाराला अशा 'पेड न्यूज'चा खर्च निवडणूक हिशेबात न दाखविल्याबद्दल निवडणूक आयोगाने अपात्र ठरविले. हिशेब लपविला म्हणून शिक्षा झाली, हे व्यापारी वाचकाच्या ध्यानात यावे. ज्यांनी तो मजकूर विकला, त्यांना मात्र ताकिदीपलीकडे फारसे काही करता येत नाही. १९७८ च्या कायद्यानुसार परिषद वृत्तपत्राला समज देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही.

या बाबतीत शेअरबाजार राजकारणाच्या पुढे आहे, ही आश्चर्याची पण खरी गोष्ट आहे. सेबीच्या २०१४ च्या नियमांनुसार समभागांविषयी जाहीर शिफारस करणाऱ्या संशोधन विश्लेषकाला त्या कंपनीतील आपला आर्थिक हितसंबंध सांगावा लागतो. एखाद्या कंपनीत वृत्तपत्राचीच गुंतवणूक असेल तर त्या कंपनीविषयीच्या बातमीत तसे नमूद करावे, असा आग्रह सेबीने २०१० सालीच धरला. कारण उघड आहे : शिफारस करणाऱ्याचा स्वार्थ ठाऊक असेल तर गुंतवणूकदार त्या शिफारशीचे वजन स्वतः करू शकतो. दहा हजारांच्या समभागांसाठी ही दक्षता आहे. राज्य कोणाच्या हाती द्यावे, हे सांगणाऱ्या सदरलेखकाला मात्र असे काही सांगण्याचे बंधन नाही. तो एखाद्या पक्षाचा सल्लागार आहे का, सरकारने नेमलेल्या एखाद्या समितीवर आहे का, त्याच्या संस्थेला कोणाचे अनुदान मिळते, हे लेखाखाली दोन ओळींत छापले, तर लेखाची किंमत कमी होणार नाही; उलट वाढेल.

वृत्तपत्राच्या मालकीबाबत कायद्याने काही सोय केलेली आहे, पण वाचक तिचा क्वचितच उपयोग करतात. १८६७ च्या कायद्यामुळे मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे अंकावर छापणे बंधनकारक झाले. १९५६ च्या नियमांनुसार फेब्रुवारी संपल्यानंतरच्या अंकात 'फॉर्म ४' या मथळ्याखाली मालकाचे नाव आणि एक टक्क्याहून अधिक भांडवल असलेल्या भागधारकांची नावे प्रसिद्ध होत आली. बारीक टाइपातली ती चौकट वाचकाच्या नजरेतून सुटते. जो व्यापारी भागीदारीपत्र वाचल्याशिवाय सही करीत नाही, त्याने रोज घरात येणाऱ्या पत्राचे मालक कोण आणि त्यांचे अन्य व्यवसाय कोणते, हे वर्षातून एकदा पाहिले, तर अग्रलेखातील पुष्कळ मौनांचा अर्थ त्याला आपोआप उलगडेल.

येथपर्यंत दोषांची यादी पत्रकारांच्या नावे झाली. पण मापात खोट करणाऱ्याइतकाच, ती खोट मागणाराही विचारात घ्यावा लागतो. बहुतेक दैनिकांच्या अंकाची किंमत उत्पादनखर्चापेक्षा पुष्कळ कमी असते. उरलेला भार जाहिरातदार उचलतो, आणि गावोगावच्या आवृत्त्यांत हा जाहिरातदार अनेकदा व्यापारी समाजातलाच असतो. नेत्याच्या वाढदिवसाला पानभर शुभेच्छा देणारा तोच, जाहिरातीसोबत दुकानाच्या उद्घाटनाची 'बातमी' पाठविणारा तोच, आणि पालिकेच्या एखाद्या प्रश्नावर न रुचणारा लेख आला की 'पुढच्या महिन्यापासून जाहिरात बंद' असा निरोप धाडणाराही तोच. पक्के बिल मागितल्याशिवाय माल न घेणारा माणूस आपल्या जाहिरातीवर 'जाहिरात' हा शब्द नको म्हणतो, तेव्हा तो प्रतिरूपकव्यवहाराचा नुसता साक्षीदार राहत नाही, भागीदार होतो. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिहींचा हिशेब जैन धर्मात मांडला जातो, हे सांगावयास नकोच.

वाचक म्हणून खरी कसोटी लागते ती मत आपल्या समाजाच्या विरुद्ध जाते तेव्हा. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा दंडनीय ठरविला. २४ ऑगस्टला देशभर जैन समाजाचे मूक मोर्चे निघाले आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. या काळात संथाऱ्याच्या विरोधात जे लेख लिहिले गेले, त्यांनी जैन कुटुंबे दुखावली, हे साहजिक होते. परंतु 'हा लेखक आपल्या विरुद्ध आहे' एवढ्यावर लेखाची परीक्षा संपत नाही. असाध्य व्याधी, जर्जर वार्धक्य यांसारखी कारणे, गुरूची अनुज्ञा, कषायांचे क्षीण करणे, मरणाची इच्छासुद्धा सल्लेखनेचा अतिचार मानला जाणे, हे सारे त्या लेखकाने नीट समजून मांडले होते का? मांडून नंतर त्याने विरोध केला असेल, तर तो सन्माननीय प्रतिपक्षी आहे आणि त्याला उत्तर लेखानेच द्यावे. हे काहीही न वाचता त्याने एका शब्दात निकाल लावला असेल, तर तो दुर्नय आहे. आणि हाच न्याय संथाऱ्याच्या बाजूने लिहिणाऱ्यालाही लावला पाहिजे. वृद्ध माणसावर घरच्यांचे दडपण येऊ शकते, ही शंका त्याने प्रामाणिकपणे हाताळली का, की ती विचारणाऱ्यालाच धर्मद्वेष्टा ठरवून तो मोकळा झाला? आपल्या बाजूच्या लेखाला हा प्रश्न विचारता येणे, यालाच अनेकांताचे आचरण म्हणावे.

सत्याणुव्रताचा आणखी एक अतिचार न्यासापहार हा आहे. कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव गिळंकृत करणे म्हणजे न्यासापहार. वाचक रोज सकाळी वृत्तपत्राकडे आपला विश्वास ठेव म्हणून ठेवतो. त्या ठेवीची पावती नसते, तिच्यावर व्याज नसते आणि ती बुडाली तर दाद मागण्यास न्यायालयही नसते. म्हणूनच ती सांभाळण्याची जबाबदारी अधिक कडक आहे. घरात दोन भिन्न मतांची पत्रे यावीत. एकाच विषयावरील दोन्ही अग्रलेख घरातील तरुण मुलामुलींनी वाचावेत. प्रत्येक लेखकाने प्रतिपक्ष्याचे म्हणणे किती खरेपणाने सांगितले आहे, एवढेच आधी पाहावे आणि कोणाचे पटले हे नंतर ठरवावे. यासाठी रोज पंधरा मिनिटे पुरेत. ठेव ठेवण्यापूर्वी पेढीची पत पाहण्याची रीत ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्यांना हे अवघड जाऊ नये.